‘पुढील आदेशापर्यंत बंद’ असा कागद चिकटवणाऱ्या सगळ्या साहेबांना, नाशिकच्या एका मामाचं खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरातली आणि जिल्ह्यातली उद्यानं, टेकड्या, लेणी, गड, अभयारण्यं ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात आहेत ते सगळे अधिकारी

साहेब, मॅडम, नमस्कार.

एकच कार्यालय असतं तर सरळ तिथेच अर्ज टाकला असता आणि पोचपावती घेऊन गप्प बसलो असतो. पण आपल्याकडे बाग एकाची, जंगल दुसऱ्याचं, लेणी तिसऱ्याची, धरणाचं पाणी चौथ्याचं आणि त्या पाण्यावरची बोट पाचव्याची, त्यामुळे कोणालाही विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो (हे बोट वेगळं). म्हणून म्हणलं सगळ्यांना एकदमच लिहू आणि चारचौघांत लिहू, म्हणजे निदान “हे आमच्याकडे येत नाही” असं म्हणायची सोय राहणार नाही.

मी सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत शिफ्टमधे आहे. दरवर्षी मे महिन्यात माझ्या ताईची दोन पोरं ठाण्याहून येतात, भाचा 13 वर्षांचा, भाची 9 वर्षांची, आणि माझी स्वतःची दोन. म्हणजे वीस-बावीस दिवस दोन खोल्या, चार पोरं, एक कूलर. आमच्या लहानपणी मामाकडे विहीर होती, गोठा होता, आंब्याची चार झाडं होती, मामाला आमच्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं, सकाळी बाहेर सोडलं की आम्ही जेवायलाच परत. माझ्याकडे विहीर नाही नि गोठा नाही. माझ्याकडे तुमच्या बागा आहेत आणि तुमच्या टेकड्या आहेत. मॉलमधे चार पोरं नेली की खिसा रिकामा होतो आणि पोरं तिथे पण मोबाईलच बघत बसतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्यासारख्या माणसाला तुमच्याशिवाय पर्याय नाही हे आधी समजून घ्या, मग पुढचं वाचा.

मागच्या रविवारची गोष्ट. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की गेटवरच्या त्या एका गरीब माणसाला नोटीस निघेल आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहील, हे मला पक्कं माहितेय. शहरापासून पाऊण तासावरची टेकडी आहे एवढं पुरे. आदल्या रात्री मी मोबाईलवर बघितलं, सकाळी 6 ते संध्याकाळी 7 उघडं असं लिहिलेलं. बायकोने पोळ्या, बटाट्याची भाजी, पन्हं भरून घेतलं, आईने सवयीने चौघांच्या खिशात एकेक कांदा टाकला (ऊन लागू नये म्हणून, हसू नका, लासलगावच्या जिल्ह्यात तेवढं चालतं). रस्त्यात नाश्त्यात वेळ गेला, सव्वाआठला पोचलो तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी एक ए-फोर कागद, “पुढील आदेशापर्यंत पर्यटकांसाठी बंद”. खाली सही नाही, तारीख नाही, कारण नाही, फोन नंबर नाही. वॉचमनदादा बिचारे म्हणाले, “मला बी काल संध्याकाळी कागद दिला, चिकटव म्हणले.” मग आवाज बारीक करून म्हणाले, “लोकं मागल्या वाटेनं जातात.”

आम्ही गेलो. इथे माझी चूक आहे, मान्य, शंभर टक्के मान्य. पण चार पोरं पुढच्या सीटवरून मागच्या सीटवरून “मामा आता काय” करत असतात तेव्हा माणूस अशीच चूक करतो, आणि त्या कागदावर “वणव्याचा धोका” किंवा “वर पाणी नाही” एवढे दोन शब्द जरी असते ना तरी मी गाडी वळवली असती.

मागच्या वाटेला सावली नाही. उन्हाळ्यात आपल्या डोंगरांवर सावली नसतेच, हे पावसाळ्यात फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. साग एप्रिल-मेमधे निष्पर्ण उभा, गवत वाळून पिवळं, आणि खाली काळा कातळ, जो सकाळपासून ऊन पिऊन घेतो आणि दहा वाजता तव्यासारखा परत करायला लागतो, म्हणजे वरून पण भाजतंय आणि खालून पण. वाटेत एक गंजकी पाटी होती, “पिण्याचे पाणी 500 मी.” त्या पाटीवर विश्वास ठेवून मी पोरांना बाटल्या पिऊ दिल्या. वर गेलो तर नळ आहे, टाकी आहे, टाकीत पाणी नाही, वाळलेली पानं आणि एक चप्पल. परत फिरलो आणि अर्ध्या वाटेत भाची म्हणाली, “मामा, मला गरगरतंय,” आणि खालीच बसली. तोंड लालबुंद. 108 लावायला बघितलं तर रेंज नाही. पोरीला उचलून करवंदीच्या जाळीशी नेलं, पण करवंदीच्या जाळीची सावली ती किती असणार. तेवढ्यात खालच्या पाड्यावरची एक बाई पाटीभर करवंदं घेऊन उतरत होती, तिने आमच्याकडे बघून काही विचारलं नाही, आधी पदर भिजवून पोरीच्या डोक्यावर ठेवला, “दादा, उभं नका करू तिला, पाय वर घ्या,” आणि मग आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. दुपारपर्यंत पोर हुशार झाली, संध्याकाळी डॉक्टरांनी बघितलं, ऊन लागलंय, वेळेत सावलीत नेलंत म्हणून बरं म्हणाले. ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली त्या कागदाची. जागा बंद ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाहीये हो. कड्यावर गिधाडांची घरटी असतील, फेब्रुवारी-मार्चपासून वणव्याची भीती असते, दरड सैल झाली असेल, लेण्यांच्या छताला आग्या मोहळ बसलं असेल, खुशाल बंद ठेवा, आठ दिवस ठेवा, दोन महिने ठेवा. पण का ते लिहा, कधीपर्यंत ते लिहा, आणि आम्ही घरातून निघायच्या आधी कळवा. मोहळ आहे हे कळलं तर माणूस अत्तर-परफ्युम मारून जाणार नाही, धूर करणार नाही, पोरांना दगड मारू देणार नाही. कारण कळलं की नियम पाळला जातो, नुसतं “बंद” वाचलं की लोक मागची वाट शोधतात. मी शोधलीच ना! माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा आहे, त्याचं कलम 4 सांगतं की कोणी अर्ज करायची वाट न बघता कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करायची. टेकडीचं गेट उघडं आहे का हे कळायला मी दहा रुपयांचं तिकीट लावून तीस दिवस थांबायचं का?

दुसरी तक्रार वेळेची, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, सातच्या सुमारास मावळतो. दुपारी बारा ते चार बाहेर कुत्रं पण दिसत नाही, गाडीखाली झोपलेलं असतं. आणि कितीतरी ठिकाणी तिकीटखिडकी उघडते नऊला किंवा दहाला आणि साडेपाच झाले की शिट्टी, चला चला बाहेर. म्हणजे जे चार तास माणसाने घराबाहेर पडू नये म्हणून तुम्हीच उष्माघाताच्या सूचना काढता, नेमकं तेव्हा बाग सताड उघडी, आणि वारा सुटायला लागला की कुलूप. ही वेळापत्रकं ऑफिसच्या खुर्चीतून काढलेली आहेत, उन्हात उभं राहून काढलेली नाहीत. शाळा मार्चपासून सकाळच्या होतात, मग बागेला काय अडचण आहे? आपल्याकडे मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते ती गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर), संध्याकाळी, उघड्या पटांगणात, कितीतरी वर्षं. कारण नाशिकच्या माणसाला ठाऊक आहे की उन्हाळ्यात दिवस खरा सुरू होतो तो ऊन उतरल्यावर.

तिसरं पाणी. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय.

पांडवलेणी सगळ्यांनी बघितलीत. 24 लेणी, त्रिरश्मी डोंगर, खाली फाळके स्मारक. आपण जातो, पायऱ्या चढतो, धापा टाकतो, फोटो काढतो, उतरतो. पण 10 नंबरच्या लेण्यात ब्राह्मी अक्षरात काय कोरलंय हे कोणी पोरांना सांगत नाही, मला पण चाळिशीत कळलं. साधारण 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याने कोरून घेतलेला. आणि त्यात लढाईची हकीकत येते त्याच्या आधी काय आहे माहितेय का, तर भडोच, मंदसौर, सोपारा आणि आपलं इथलं गोवर्धन या ठिकाणी वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणल्या, तळी केली, बागा लावल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. पाणपोया, साहेब! दगडात कोरलंय. त्याच लेण्यात दुसऱ्या लेखात हिशोब पण आहे, 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे ठेवले, त्यातले 2000 महिना एक टक्का व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने, मूळ रक्कम मोडायची नाही, नुसत्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च भागवायचा. वर्ष पण घातलंय, 42. कोणी दिलं, किती दिलं, कुठे ठेवलं, कशावर खर्च करायचं, सगळं भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं.

आणि तुमच्या कागदावर तारीख नव्हती.

मी राजाचं कौतुक करायला बसलो नाहीये, ज्याची सत्ता त्याची भिंत, हे तेव्हाही होतं. पण याच शहरात प्रवाशाला पाणी देणं ही मिरवायची गोष्ट होती, आणि आता पाण्याची टाकी बसवल्याची पाटी मिरवतात, टाकीतलं पाणी संपलं की पाटी काढायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. पाणी नाही हे चालतं एकवेळ, डोंगर आहे, मे महिना आहे, गडांवरची टाकी पण आटतात किंवा हिरवी होतात. पण पाणी नसताना “पाणी आहे” अशी पाटी ठेवणं हे पाटी नसण्यापेक्षा वाईट. आम्ही त्या पाटीच्या भरवशावर बाटल्या संपवल्या.

चौथं, बोर्डांवर काय असतं ते एकदा स्वतः जाऊन बघा. वरती पाच-सहा फोटो हात जोडलेले, मधे मोठ्या अक्षरात सुशोभीकरण, खाली बारीक अक्षरात नियम, त्यातला नियम क्रमांक तीन उन्हाने उडालेला. नकाशा नाही. वर जायला किती वेळ लागतो, सावली कुठून कुठपर्यंत, म्हाताऱ्या माणसाला झेपेल का, व्हीलचेअर जाते का, रेंज कुठे मिळते, जवळचा दवाखाना कोणता, शेवटची बस किती वाजता, यातलं काहीही नाही.

स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी “साहेबांकडे”. यावर जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात बायका-मुली आहेत त्यांना कळेल.

पैसे फक्त मोबाईलने घ्यायचे आणि गेटवर नेट नाही, हा एक वेगळाच विनोद. माझ्यापुढे एक आजोबा हातात पन्नासची नोट घेऊन उभे होते एका ठिकाणी, त्यांना कॅश चालत नाही म्हणून परत पाठवलं. नोट खरी होती.

आणि पाचवं, जे तक्रार पण आहे आणि हळहळ पण. उन्हाळा म्हणजे बघण्यासारखं काही नाही असं तुम्हीच ठरवून टाकलंय. पावसाळ्यात बंदोबस्त, धबधब्यांवर बंदी, गडांवर गर्दीचे नियम, तेव्हा तरी काहीतरी सूचना निघतात. उन्हाळ्यात कोणी काहीच सांगत नाही. मग लोक चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी जातात. नांदूर मध्यमेश्वर 2020 मधे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने मानलेली महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आम्हाला अभिमान आहे, पण तिथली खरी जत्रा हिवाळ्यात असते. मे महिन्यात पाहुणे पक्षी परत गेलेले असतात, जांभळ्या पाणकोंबड्या वगैरे घरचे तेवढे दिसतात, आणि मुंबईहून नेटवरचे फोटो बघून आलेली माणसं दुपारी एक वाजता मनोऱ्यावर उभी राहून “कुठेयत पक्षी” विचारतात. एक ओळ लिहायला काय हरकत आहे की या महिन्यात हे दिसेल, हे दिसणार नाही, सहा वाजता या?

उलट जे उन्हाळ्यातच बघायचं ते कोणी सांगत नाही. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत, उन्हात पाणवठ्यांवर येतात, लांबून गुपचूप बघायचे असतात, पाणवठ्याशी गाडी नेली की ते तहानलेले परत जातात, हे पोरांना समजावून सांगणारं कोणीतरी पाहिजे. बोरगड आपल्या दिंडोरीच्या वाटेवर, अंजनेरी त्र्यंबकच्या वाटेवर, दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रं, अंजनेरीच्या तर नावाने एक वनस्पती आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, उन्हाळ्यात ती जमिनीखाली कंदात झोपलेली असते आणि वरून आपण वाट सोडून तुडवत जातो. मला हे कळलं तेव्हा मी पोरांना सांगितलं, खाली कोणीतरी झोपलंय, वाटेवरून चाला, आणि चारही पोरं अर्धा तास पायवाटेवरून एका रांगेत चालली! मे संपता संपता काजवे येतात, घोटीवरून भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते, सगळे हेडलाईट लावून, टॉर्च मारून काजवे बघायला. आता काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण करायला, त्यात तुमचा एलईडी लागला की त्या बिचाऱ्याची खूण कोणाला दिसणार. तो भाग शेजारच्या जिल्ह्यात, पण अर्ध्या गाड्या आपल्या, एमएच 15.

आम्ही पण धुतल्या तांदळाचे नाही. वेफर्सची पाकिटं आमचीच, दगडावर नावं आमचीच, जंगलात स्पीकर लावणारे, रीलसाठी कड्याच्या टोकाला बसणारे, सिगारेट वाळक्या गवतात टाकणारे सगळे आमच्यातलेच. दंड करा, जरूर करा, मी स्वतः पावती फाडून घेईन. आणि तुमच्या खालच्या माणसांबद्दल माझं काही म्हणणं नाही. एक वनरक्षक केवढं मोठं रान एकटा सांभाळतो, वणवा लागला की झाडाच्या डहाळ्या घेऊन धावतो, रात्री-बेरात्री बिबट्याच्या फोनवर जातो, त्याला अजून “पर्यटकांशी गोड बोल” म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. मी वरच्यांशी बोलतोय.

तर मागण्या. अवघड एकही नाही, बहुतेकांना निधी पण लागत नाही.

सगळ्या जागांची मिळून एकच यादी करा, कोणाचं खातं कोणतं याच्याशी आम्हाला घेणं-देणं नाही, आणि रोज सकाळी सहाच्या आत त्यात लिहा, उघडं की बंद, बंद तर का आणि कधीपर्यंत, पाणी आहे की नाही. खाली अधिकाऱ्याचं पद आणि असा नंबर जो उचलला जातो. वनविभागाचा 1926 हा टोल फ्री नंबर आहे, तो किती लोकांना माहितेय, तो तरी प्रत्येक गेटवर हातभर अक्षरात रंगवा.

15 मार्च ते 15 जून वेळ बदला. सकाळी साडेपाच ते दहा, संध्याकाळी साडेचार ते साडेआठ शहरातल्या बागांना. टेकड्या आणि जंगलात अंधारात नको, बिबटे आहेत, तिथे पहाटे लवकर सोडा आणि दहानंतर वर चढायला मनाई करा. हो, मनाई. मीच मागतोय.

चढ सुरू होतो तिथे पाण्याचे माठ किंवा टाकी, रोज भरलेली. नसेल जमत तर तिथेच मोठी पाटी, “वर पाणी नाही, माणशी 2 लिटर घेऊन जा.” खोटी पाटी आजच्या आज काढा.

कॅश पण घ्या. स्वच्छतागृहाची चावी गेटवर ठेवा.

आणि पाड्यावरच्या बायकांना अतिक्रमण म्हणून हाकलू नका. त्या करवंदं, जांभळं, आळू अशी रानफळं विकतात पानाच्या द्रोणात, कचरा पण होत नाही. त्यांना गेटपाशी सावलीत हक्काची जागा द्या, ताक-सरबत विकू द्या, त्यांच्या पोरांना वाट दाखवायचं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. त्या दिवशी तिथे हजर असलेली एकमेव यंत्रणा तीच बाई होती.

सुट्टीत आठवड्यातून एक सकाळ पोरांसाठी ठेवा, एखादा जाणकार, तास-दीड तास, झाडं, पक्षी, शिलालेख. शहरात अशी माणसं भरपूर आहेत, बोलावलं तर फुकट येतील.

उत्तर देणार असाल तर तेही असंच उघड द्या, मला एकट्याला चहाला बोलावू नका.

आपला,
सिडकोतला एक मामा

ता.क. पोरं 28 तारखेला ठाण्याला परत जाणार. भाचीला त्या बाईंकडे एकदा जायचंय, तिने त्यांच्यासाठी चिवड्याचा पुडा बाजूला काढून ठेवलाय आणि कोणाला हात लावू देत नाही. यावेळी पहाटे पाचला निघू आणि नऊच्या आत परत फिरू. पण त्या पाड्याला जाणारा रस्ता तुमच्या गेटातूनच जातो, तेव्हा निदान एवढं तरी कळवा, या रविवारी उघडं आहे का?